चुकायचं, तर बाहुल्यावर!

*प्रत्येक डॉक्टर कधीतरी पहिल्यांदा सुई टोचतो, पहिल्यांदा टाके घालतो, पहिल्यांदा थांबलेलं हृदय चालू करायला बघतो. ही पहिली वेळ कोणाच्या अंगावर यावी? मेडिकल कॉलेजांमध्ये या प्रश्नाचं उत्तर आता बदलतंय. आणि त्याचा तुमच्या-माझ्याशी थेट संबंध आहे.*

बारावीच्या वर्षी मला डेंग्यू झाला होता. भिवंडीत पावसाळ्यात डेंग्यू होणं ही काही मोठी बातमी नाही, त्यामुळे घरचेही फार घाबरले नव्हते. एका छोट्या खासगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. रात्री दोनच्या सुमारास सलाईनची सुई निघाली. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी डाव्या हाताला टोचलं, शीर सापडली नाही. पुन्हा टोचलं, हात सुजला. मग उजवा हात. चौथ्या वेळी त्यांच्या कपाळावरचा घाम मला स्पष्ट दिसत होता आणि माझी आई देवाचं नाव घेत होती. शेवटी मागे उभ्या असलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘‘सर, मी बघू का?’’ आणि त्यांनी एका झटक्यात सुई लावली.

पुढचा आठवडाभर माझे दोन्ही हात निळे होते. त्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे छापता येणार नाही!

आज मी बावीस वर्षांची आहे. तेव्हा ते डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. हा विषय लिहायला घेतला तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. त्या रात्री मी एकच प्रश्न विचारत होते : यांना येत कसं नाही? खरा प्रश्न वेगळा होता : यांनी शिकायचं कुठे?

पहिली वेळ कोणाच्या वाट्याला?

डॉक्टरकीच्या शिक्षणात एक जुनी म्हण चालत आलीय : एक बघा, एक करा, एक शिकवा. म्हणजे सीनियरनं एकदा करून दाखवायचं, पुढच्या पेशंटवर तुम्ही करायचं आणि त्याच्या पुढच्या वेळी ज्युनियरला शिकवायचं. ऐकायला झकास. पण यातली मधली पायरी म्हणजे एक जिवंत माणूस आहे.

आता विचार करा, हा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? मेडिकल कॉलेजला जोडलेली रुग्णालयं आपल्याकडे मोठ्या प्रमाणात सरकारी किंवा महापालिकेची. तिथे येणारे पेशंट म्हणजे ज्यांना खासगीतलं बिल परवडत नाही ते. भिवंडीत गंभीर पेशंट असला की आपल्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं, ‘कळव्याला न्या, नाही तर सायनला न्या.’ नेला जाणारा कधी लूमवरचा कारागीर असतो, कधी गोदामातला हमाल, कधी धुणीभांडी करणारी मावशी. शिकाऊ हातांची पहिली सुई वर्षानुवर्षं अशाच लोकांच्या वाट्याला आलीय. त्यांना कोणी विचारलेलं नसतं आणि ते तक्रारही करत नाहीत.

लूमचंच उदाहरण घ्या. कारखान्यात नवीन पोरगा आला की त्याला लगेच चार-सहा लूम सांभाळायला देतात का? आधी तो कांड्या भरतो, बाजूला उभा राहून बघतो, तुटलेला धागा जोडायला शिकतो. कारण कापड खराब झालं तर नुकसान मीटरमध्ये मोजता येतं. माणसाच्या बाबतीत ते कशात मोजणार?

तरी मोजायचा प्रयत्न झालाय. अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’नं १९९९ मध्ये एक अहवाल काढला, त्याचं नाव ‘टू एर इज ह्युमन’. वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार लोक दगावत असावेत, असा त्याचा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार उपचार घेताना साधारण दर दहातल्या एका पेशंटला उपचारांमुळेच काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा ‘जागतिक रुग्ण सुरक्षा दिन’ म्हणून पाळला जातो, तो याचसाठी.

त्या अहवालानं आणखी एक मुद्दा ठामपणे मांडला. या चुका करणारे लोक वाईट नसतात. बहुतेक जण चांगले, मेहनती आणि दमलेले असतात. त्यांना ओरडून चुका कमी होत नाहीत. चुका कमी करायच्या तर काम करण्याची पद्धत आणि सराव बदलावा लागतो.

कोहळा, काकडी आणि कापडाचा माणूस

सरावासाठी खोटा पेशंट वापरायचा, ही कल्पना परदेशातून आली असं वाटत असेल तर थांबा. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानातला नववा अध्याय अख्खा याच विषयावर आहे. तिथे या सरावाला शब्द आहे ‘योग्या’.

त्यातली यादी वाचताना मला चक्क मंडई आठवली. छेद घ्यायला शिकायचं तर कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर. फोड फोडायला शिकायचं तर पाण्यानं किंवा चिखलानं भरलेल्या कातड्याच्या पिशवीवर. शीर वेधायला मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. आत रुतलेली वस्तू काढायला फणसाचा आणि बेलाचा गर. टाके घालायचा सराव कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधायला शिकण्यासाठी तर माणसाच्या आकाराचा आख्खा पुतळा बनवायला सांगितलाय, ज्याच्या प्रत्येक अवयवावर बँडेज बांधून बघायचं. आजच्या भाषेत त्याला मॅनिकिन म्हणतात.

आणि सुश्रुतांचं म्हणणं स्पष्ट आहे : कितीही ग्रंथ वाचलेले असोत, ज्यानं हा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कामाला लायक नाही.

म्हणजे आपल्याकडे हे इतकं जुनं आहे. पण ‘आमच्याकडे सगळं होतंच’ म्हणून कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही. कारण मधल्या काळात आपण हे विसरलो आणि ‘एक बघा, एक करा’वर आलो.

पेटीचा भाता आणि खेळण्यातली ॲनी

आजची पद्धत दोन अगदी वेगळ्या धंद्यांतून आलीय. पहिला धंदा वाद्यांचा. अमेरिकेतल्या एड लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. एडला विमान शिकायचं वेड. विमानाचे धडे महाग, म्हणून १९२०च्या दशकाच्या शेवटी त्यानं कारखान्यातले भाते आणि पंप वापरून जमिनीवरच डुलणारं खोटं विमान बनवलं. आपल्या पेटीला हवा देणारा भाता असतो ना, तसेच भाते. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून वापरलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपालाची विमानं उडवायचं काम आलं. ढग, रात्र, वादळ. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. मग लष्करानं लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. तेव्हापासून वैमानिक आधी जमिनीवर चुकायला लागले.

दुसरा धंदा खेळण्यांचा. नॉर्वेतले आस्मुंड लेर्दाल बाहुल्या बनवायचे. स्वतःच्या लहान मुलाला त्यांनी पाण्यात बुडताना बाहेर काढून वाचवलं होतं. १९६०च्या सुमारास तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं या दोन पद्धती डॉक्टरांनी नुकत्याच सिद्ध केल्या होत्या. शिकवायच्या कशा, हा प्रश्न होता. जिवंत माणसाची छाती जोरात दाबून शिकवता येत नाही, फासळ्या मोडतील. लेर्दाल यांनी मऊ प्लॅस्टिकची माणसाएवढी बाहुली बनवली, ‘रेसुसी ॲनी’. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. कॉलेजमध्ये कधी सीपीआरचं शिबिर झालं असेल तर या ॲनीची एखादी बहीण तुम्हाला भेटलीच असेल.

मग १९८०च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डमध्ये डॉ. डेव्हिड गाबा यांनी हे दोन्ही धागे जोडले. ते भूलतज्ज्ञ. त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये बाहुला झोपवला, मॉनिटरवर खोटे आकडे दाखवले आणि अख्ख्या टीमला संकटात टाकलं. वैमानिकांसारखंच.

स्किल लॅबमध्ये नक्की होतं काय?

एका शब्दात सांगायचं तर रंगीत तालीम. एकांकिका केली असेल तर लगेच कळेल.

यात सगळंच महागडं नसतं. सुई टोचायला रबराचा हात असतो, त्यात नळ्या आणि लाल पाणी. टाके घालायला स्पंजचा तुकडा, डिलिव्हरी शिकायला कंबरेचा साचा आणि कापडी बाळ. दुसऱ्या टोकाला श्वास घेणारा, घाम येणारा, नाडी लागणारा, खोकणारा बाहुला. त्याला पलीकडच्या खोलीतून कोणीतरी कॉम्प्युटरवर चालवत असतं. काही ठिकाणी पेशंटच्या भूमिकेत चक्क नट असतात. एखाद्या आईला ‘तुमचा मुलगा वाचला नाही’ हे कसं सांगायचं, याची तालीम रबराच्या हातावर करता येत नाही.

माझी शाळेतली एक मैत्रीण आता एमबीबीएस करतेय. तिनं तिचा पहिला प्रसंग सांगितला. बाहुला म्हणजे चोवीस वर्षांचा तरुण, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांध्या आल्या, श्वास लागला, बीपी घसरतंय. ही तीव्र ॲलर्जी, आणि पहिलं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, हे टीममधल्या पाचही जणांना पाठ होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क! पण खोलीत मॉनिटर किंचाळायला लागला आणि एक जण बीपीचा पट्टा शोधायला लागला, दुसरा सरांना फोन लावायला लागला, तिसऱ्यानं ‘ॲड्रेनलिन द्या’ असं हवेत म्हटलं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा देतोय. चार मिनिटं गेली. बाहुला ‘मेला’.

बाहेर आल्यावर आपल्याला रडू आलं होतं, असं ती म्हणाली. प्लॅस्टिकसाठी!

आता इथून पुढचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. प्रसंग दहा मिनिटांचा, पण त्यानंतर सगळे गोल करून बसतात आणि त्याच्या दुप्पट वेळ बोलतात. नियम एकच : ‘चूक कोणाची’ हे विचारायचं नाही. काय झालं, तेव्हा तुला काय वाटत होतं, पुढच्या वेळी काय करशील, एवढंच. तिच्या टीमला कळलं की ज्ञान कमी पडलं नव्हतं. नाव घेऊन काम सांगणं राहिलं होतं. दुसऱ्या फेरीत तिनं एकाकडे बघून, नाव घेऊन सांगितलं, ‘ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीत.’ त्यानं तेच शब्द परत म्हणून दाखवले आणि देऊन झाल्यावर ‘दिलं’ असं मोठ्यानं सांगितलं. बाहुला वाचला.

गोविंदा पथकांचं काय वेगळं असतं? गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो. गोकुळाष्टमीला कोणी थेट आठ थर लावायला जात नाही. सरावात थर कोसळतात, मग खालचा वरच्याला सांगतो की तुझा पाय खांद्याच्या बाहेर पडतोय. तिथे कोणी त्याला अपमान समजत नाही. उद्या वरून पडणारा आपलाच पोरगा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

‘सरांना कोण सांगणार?’

माझ्या डेंग्यूच्या रात्री परत जाऊ. त्या सिस्टर चौथ्या सुईपर्यंत गप्प का होत्या? त्यांना पहिल्या सुईलाच दिसलं असणार. पण डॉक्टरांना कसं सांगायचं?

याच प्रश्नानं विमान उद्योगाला हादरवलं होतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच धडकली, ५८३ माणसं गेली. धावपट्टी मोकळी झालीय का, ही शंका कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनियरनं बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टननं ती उडवून लावली आणि पुढे कोणी जोर धरला नाही. त्यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठाला बोलायचं आणि वरिष्ठाला ऐकायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. गाबा यांनी तेच ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं.

आपल्याकडे तर ‘सर’ म्हटलं की निम्मं वाक्य गिळलं जातं. तुम्हीच सांगा, वर्गात प्राध्यापकांनी फळ्यावर चूक लिहिली तर कितीजण हात वर करतात? सिम्युलेशनमध्ये मुद्दाम असे प्रसंग ठेवता येतात, जिथे सीनियर चुकीचा डोस सांगतो आणि बघायचं असतं की ज्युनियर डॉक्टर किंवा सिस्टर तोंड उघडते का. बोलायचंही शिकावंच लागतं.

आणि खरी चूक झाल्यावर आपल्याकडे काय होतं? नातेवाइकांचा संताप, तोडफोड, कोणाचं तरी निलंबन. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. लोकांचा राग खोटा नसतो, माणूस गेलेला असतो. पण भीतीच्या वातावरणात चूक लपवली जाते आणि लपवलेल्या चुकीतून पुढचा डॉक्टर काहीच शिकत नाही. बाहुल्याची खोली ही अशी जागा आहे, जिथे चूक मोठ्यानं सांगता येते.

यंत्र महाग हवं, की सराव रोज हवा?

एवढं करून पेशंटला फायदा होतो का? होतो, पण कसा होतो ते नीट बघायला हवं.

बाळंतपणात कधी कधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. घाईत ओढलं तर बाळाच्या हाताच्या नसांना इजा होते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या साउथमेड रुग्णालयानं २००० पासून सगळ्या सुईणी आणि डॉक्टरांना दरवर्षी बाहुलीवर याचा एकत्र सराव सक्तीचा केला. २००८ मध्ये त्यांनी आकडे छापले. आधी खांदा अडकलेल्या १०० बाळांमागे ९.३ बाळांना इजा व्हायची, सरावानंतर ते प्रमाण २.३ वर आलं.

दुसरं उदाहरण आपल्यासारख्या देशाचं, टांझानियातल्या हायडम गावच्या रुग्णालयाचं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण तिथे दिलं. बाहुलीवरचं काम सुधारलं. पण प्रत्यक्ष बाळंतपणाच्या खोलीत वागणं काही बदललं नाही. मग त्यांनी बाहुली त्या खोलीतच आणून ठेवली आणि दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू हजारामागे ११.१ वरून ७.२ वर आले. बाहुली साधीच होती, पाणी भरून बाळाएवढी जड होणारी. फरक पाडला तो रोजच्या सवयीनं.

ही गोष्ट आपल्याला फार लागू पडते. आपल्याकडे एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ पासून बदलला. पाठांतरापेक्षा ‘करता येतं का’ यावर भर आला, प्रत्येक मेडिकल कॉलेजला स्किल लॅब बंधनकारक झाली, पहिल्या महिन्यातच प्रथमोपचार आणि जीव वाचवण्याची प्राथमिक कौशल्यं शिकवायची ठरलं. त्याआधी २००९ मध्ये केंद्र सरकारनं ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला, त्यात नर्स आणि डॉक्टर बाळाच्या बाहुलीवरच शिकतात. कागदावर सगळं आहे. पण स्किल लॅबला कुलूप आणि बाहुल्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर त्या बाहुल्याचा उपयोग फक्त तपासणीच्या दिवशी. यंत्र एकदा विकत घेता येतं. शिकवणारा माणूस, मोकळा वेळ आणि चुकायची मुभा मात्र रोज द्यावी लागते.

बाहुल्यालाही मर्यादा आहेत. तो नातेवाइकांसारखा दारात रडत नाही, भोजपुरीत किंवा तेलुगूत दुखणं सांगत नाही. खऱ्या पेशंटजवळ, सीनियरच्या नजरेखाली शिकण्याला पर्याय नाहीच. शरीराची रचना शिकायला देहदान केलेल्या माणसांचे मृतदेहच लागतात, आणि त्यासाठी आपल्या शेजारच्या डोंबिवलीतलं दधिची देहदान मंडळ वर्षानुवर्षं काम करतंय. बाहुला एवढंच करतो की पेशंटजवळ पोचेपर्यंत पहिली, दुसरी, दहावी चूक होऊन गेलेली असते.

भिवंडीला याचं काय?

२१ सप्टेंबर २०२० ची पहाट आठवा. धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली, अनेक जण गेले. बचाव पथकं येण्याआधी ढिगाऱ्यातून माणसं काढायला सुरुवात केली ती आजूबाजूच्या रहिवाशांनी. अशा वेळी एका रुग्णालयाच्या दारात एकदम पंचवीस जखमी आले तर आधी कोणाला घ्यायचं? जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतोय त्याला, की जो एकदम गप्प आहे त्याला? लाल, पिवळी, हिरवी, काळी पट्टी लावून काही सेकंदांत हे ठरवायचं असतं. याची तालीम आधी झालेली नसेल तर त्या रात्री ती होऊ शकत नाही.

अशा तालमीत जखमींची भूमिका करायला माणसं लागतात. एनएसएसची मुलं, नाट्यमंडळाची मुलं हे काम सहज करू शकतात. आपल्या कॉलेजनं जवळच्या रुग्णालयाला विचारायला काय हरकत आहे?

आणखी एक. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, तिच्या गाडीत डॉक्टरही असतो. पण अंजूरफाट्याचं ट्रॅफिक तुम्हाला मी सांगायला नको. हृदय थांबल्यावर मदतीशिवाय जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. गाडी येईपर्यंतचे डॉक्टर तुम्हीच.

या लेखाच्या निमित्तानं मीही एका सीपीआर शिबिरात गेले. व्हिडिओ पन्नास वेळा बघितला होता, त्यामुळे येतंय असंच वाटत होतं. गुडघ्यावर बसले, हात ठेवले, दाबलं. नीट दाबलं की बाहुल्यातून ‘टक’ असा आवाज येतो. माझ्या वेळी आवाजच नाही. शिकवणारे म्हणाले, कोपर वाकतंय. पुन्हा दाबलं. आता आवाज आला, पण वेग फार. अर्ध्या मिनिटात घामाघूम झाले आणि मागे वीसजण बघतायत म्हणून हात थरथरायला लागले.

तेव्हा त्या रात्रपाळीच्या डॉक्टरांचं कपाळ डोळ्यांसमोर आलं. माझ्यासमोर प्लॅस्टिक होतं, त्यांच्यासमोर मी होते.

चौथ्या प्रयत्नाला ‘टक, टक, टक’ लागोपाठ आलं. दोन महिन्यांनी पुन्हा जाणार आहे, कारण तोवर कोपर परत वाकायला लागलेलं असेल. तुम्हीही या.

चौकट : समोर कोणी कोसळलं तर…

* जागा सुरक्षित आहे ना बघा. खांद्यावर थोपटून मोठ्यानं हाक मारा.
* प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा चालत नाही? लगेच १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. एका माणसाकडे बोट दाखवून त्याला काम सांगा. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटलं की कोणीच करत नाही.
* माणसाला कडक, सपाट जागेवर उताणं झोपवा. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ.
* मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतकं दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या.
* दमलात तर साधारण दोन मिनिटांनी दुसऱ्याला बसवा. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबू नका.
* तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.
* लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांना छाती दाबण्याबरोबर श्वासही द्यावा लागतो. ते प्रशिक्षणातच नीट शिकून घ्या.
* रस्त्यावरच्या अपघातात मदत केली म्हणून पोलीस मागे लागतील, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

हे वाचून पाठ होईल, पण हाताला येणार नाही. त्यासाठी एकदा बाहुल्यासमोर गुडघ्यावर बसा.